पंच्याऐंशी युरोंची पेटी

हँडल फिरवलं की आत फुस्स-फुस्स व्हायचं, आणि तेवढंच. सूर एकही नाही. विक्रेत्यानं खांदे उडवले, 'कपुट' म्हणाला, म्हणजे निकामी. वर स्वतःच सुचवलं की वरून काच बसवा, छान टीपॉय होईल.

मी लाइपझिगमध्ये राहते त्याला नऊ वर्षं झाली. शहराच्या दक्षिण टोकाला 'आग्रा' नावाचं मोठं मैदान आहे. ताजमहालाशी त्याचा काही संबंध नाही. पूर्व जर्मनीच्या काळात तिथे शेतीचं प्रदर्शन भरायचं, त्यावरून पडलेलं नाव. महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. कपबशा, बिल्ले, झुंबरं, बाहुल्यांचे हात, कुणाच्या तरी आजोबांचे फोटो. थंडीत सकाळी सातला लोक हातात विजेऱ्या घेऊन फिरत असतात, कारण चांगली वस्तू उजाडायच्या आत जाते.

ती चौकोनी काळी लाकडी पेटी एका टेबलाखाली होती. बाजूला हँडल, वर मधोमध एक खुंटी, खुंटीपासून कडेपर्यंत दाबपट्टी, आणि पट्टीच्या खाली ओळीनं उभी राहिलेली लोखंडी बोटं. मोजली, चोवीस भरली. कडेच्या सोनेरी अक्षरांतली निम्मी झिजली होती, पण 'अरिस्टोन' एवढं लागत होतं. शेजारी खोक्यात पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या अकरा तबकड्या.

एकशे वीस म्हणाला. मी मिरजेच्या मंडईत आईच्या पिशवीला धरून वाढलेली. दोन बोटं वाकलीयत, एक पाय नाही, तबकड्यांना वाळवी लागलीय (ती वाळवी नव्हती, ओल होती, पण असो). शंभरावर आला. मी चार पावलं पुढे जाऊन परत आले. पंच्याऐंशीला तबकड्यांसकट मिळाली. खिशात नव्वद होते. उरलेल्या पाचांत ११ नंबरची ट्राम पकडली आणि पेटी मांडीवर घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोहलिसला घरी आले. मांड्या बधिर झाल्या होत्या. त्या दिवशी हे डोक्यात आलं नाही, पण ती पेटी खरं तर माहेरी चालली होती. पाउल एर्लिश या माणसाचा कारखाना गोहलिसलाच होता, आणि १८८२ च्या सुमारास त्यानंच अरिस्टोन, म्हणजे हँडल फिरवून वाजवायचं हे वाद्य, बाजारात आणलं.

या नादाला मी लागले ते ग्रासी संग्रहालयामुळे. तिथे विद्यापीठाचं वाद्यसंग्रहालय आहे. त्यातला मोठा भाग १९२६ साली कोलोनच्या विल्हेल्म हायर या उद्योजकाच्या संग्रहातून आलेला. पियानो-व्हायोलिन बघायला गेले आणि अडकले आपोआप वाजणाऱ्या वाद्यांच्या दालनात. ज्या रस्त्यांवरून मी रोज कामाला जाते, त्याच भागात एकेकाळी अख्ख्या जगासाठी वाजणारी खोकी बनत होती. पाउल लोखमाननं १८८५ मध्ये गोल तबकडीनं पोलादी फणीचे दात छेडून वाजणारं सिंफोनियन काढलं, तेही गोहलिसचंच. तिथलेच दोघे बाहेर पडले आणि त्यांनी शेजारच्या वारेनमध्ये तसंच पॉलिफोन काढलं. त्यांतला ब्राखहाउझेन १८९२ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला गेला आणि तिथे त्यानं रेजिना सुरू केलं. पुढे ग्रामोफोन आला आणि हा सगळा धंदा बसला. पण पॉलिफोनवाले चलाख. त्यांनी १९१७ मध्ये हॅनोव्हरची डॉइच ग्रामोफोन कंपनीच विकत घेतली. त्याच हॅनोव्हरला १९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रित केलेल्या गायिका गौहर जानच्या तबकड्या दाबून परत हिंदुस्थानात पाठवल्या होत्या. हे अप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग तू परदेशात कुठं गेलीस? आपलाच माल जिथनं यायचा तिथं राहतीयस."

अप्पा म्हणजे माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, आता निवृत्त. चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि आसपासच्या चार गावांतल्या पेट्या दुरुस्त करतात. पैसे घेत नाहीत, चहा घेतात.

तर, चांगलं चालू पॉलिफोन घ्यायचं म्हटलं तर हजारांत जातं. माझ्या चहाच्या रिकाम्या डब्यात महिन्याला चाळीस युरो पडतात. नाही खर्च झाले तर पुढच्या महिन्यात धरायचे. कर्ज नाही, उधार नाही, पगाराला हात नाही. एवढ्या पैशांत मिळतं ते मोडकंच, म्हणून मोडकं कसं मोडलंय ते ओळखायला शिकावं लागतं. ते मी नुकसान करून शिकले.

पहिल्यांदा पस्तीस युरोंना नक्षीची सुंदर वाजणारी डबी घेतली. 'शंभर वर्षं जुनी.' डबी असेलही. आतलं यंत्र मात्र नवं, अठरा दातांचं, भेटवस्तूंच्या दुकानात मिळतं तसलं. कुणीतरी जुनं काढून विकलं होतं आणि पोकळीत हे बसवलं होतं. दुसऱ्या वेळी खरीखुरी जुनी दंडगोलाची पेटी घेतली, स्वस्तात, आणि घरी येऊन भिंग लावलं तर दंडगोलावरचे केसासारखे बारीक खिळे एका पट्ट्यात सगळे एकाच दिशेला आडवे. फणीचे सात दात गायब. हा अपघात कसा होतो ते तेव्हा वाचून कळलं. किल्ली पूर्ण भरलेली असताना वेग धरून ठेवणारा छोटा पंखा निसटला की स्प्रिंगची सगळी ताकद एकदम सुटते. मिनिटभरात फिरायचा दंडगोल काही क्षणांत भिरभिरतो आणि खिळे-दात एकमेकांना खातात. तेव्हापासून नियम केला: विजेरी लावून दात मोजल्याशिवाय भाव विचारायचा नाही, आणि स्प्रिंग पूर्ण उतरवल्याशिवाय एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. ती पेटी अजून कपाटावर आहे. जेवढे दात आहेत तेवढं गाते, बोळक्या तोंडानं.

अरिस्टोनमध्ये स्प्रिंगच नव्हती, ही पहिली जमेची बाजू. हँडल हीच शक्ती.

रविवारी तळाचे स्क्रू काढले. आत उंदराच्या लेंड्या, लोकरीच्या नमद्याचा कसरीनं केलेला भुगा, एक जर्मन नाणं आणि कडक होऊन पापडासारखा तडकलेला भाता. भात्याच्या घड्या बघताना हात थांबला. पुढचं झाकण उचललं, वरची फळी बाजूला केली, आणि खाली ओळीनं पितळी सूर. एका टोकाला रिव्हेट मारलेली पातळ जीभ, खाली तिच्याच मापाचा खाचा. हे मी सातव्या वर्षापासून बघत आले होते. वर्तमानपत्र पसरून बसलेल्या अप्पांच्या मांडीपाशी बसून.

म्हणजे ही पेटीच होती! आपली, भजनातली. फक्त पट्ट्या काढून त्या जागी लोखंडी बोटं बसवलेली आणि वाजवणाऱ्याच्या जागी पुठ्ठा. तशी यांची भावकी जुनी आहे. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या दबँनं १८४२ मध्ये घेतलं. आपल्याकडे जुने पेटीवाले अजून 'पॅरिस सूर', 'जर्मन सूर' असं म्हणताना आवाज खाली आणतात, जसं काही घराण्याचं नाव घेतायत. आणि इतक्या मायेनं दत्तक घेतलेल्या या वाद्याला आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं, हे अप्पांचं कायमचं दुखणं. ते इथे सुरू केलं तर लेख त्यांच्याच नावावर जाईल.

व्हिडिओ कॉल लावला. फोन पेटीच्या पोटात धरला. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चष्मा आणतो थांब."

चष्मा घालून आल्यावर पहिला प्रश्न, "सरस वापरलाय ना बघ. कडेला नखानं खरवड. पिवळट भुकटी पडली तर सरस."

पडली.

"मग तूही सरसच वापर. बाटलीतला पांढरा गोंद लावलास तर पुढच्या माणसाचा तळतळाट लागंल. सरस कसा, गरम पाण्याचं फडकं ठेवलं की सुटतो. उद्या कुणाला परत उघडायची झाली तर?"

उद्या म्हणजे आणखी शंभर वर्षांनी, असं त्यांना म्हणायचं होतं. सरसाचे दाणे इथे वाद्यकारांच्या सामानाच्या दुकानात नऊ युरोंना मिळाले. भात्याचं रबरी अस्तराचं कापड अठरा, झडपांसाठी मऊ कातडं चौदा. सरस रात्रभर पाण्यात भिजत घालायचा आणि दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून पातळ करायचा, उकळू द्यायचा नाही. वास येतो. फार येतो. खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात चिठ्ठी चिकटवली, की कोणाच्या तरी स्वयंपाकघरात काहीतरी खराब झालेलं दिसतं. मी चिठ्ठी वाचून शांतपणे वर गेले.

भाता दोनदा करावा लागला. पहिल्यांदा कापड जाड घेतलं, टिकाऊ म्हणून. सगळं चिकटवून, वाळवून हँडल फिरवलं तर दळण दळल्यासारखा जोर लागला. घड्या उघडायलाच तयार नव्हत्या. अप्पांनी कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाले, "एसटीच्या सीटचं रेक्झिन लावलंस काय?" दोन शनिवार-रविवार पाण्यात. गरम फडकं ठेवून सगळं सोडवलं, आणि सरस का वापरायचा ते तेव्हा पुरतं पटलं. दुसरा गोंद असता तर लाकडासकट निघालं असतं. (अठरात मी फक्त पातळ कापड धरलंय. जाड कापडाचे पैसे हिशेबात कुठेच नाहीत. तो डबा माझा आहे.)

सूर साफ करणं हा या सगळ्यातला सगळ्यात सुखाचा भाग. एकेक सूर काढायचा, क्रमानं पुठ्ठ्यावर ठेवायचा, मऊ कुंचल्यानं धूळ झटकायची, जिभेखालून पातळ कागद अलगद फिरवायचा. पितळेवरचा काळा थर घासून चमकवायचा मोह होतो. करायचं नाही. घासलं की धातू जातो आणि धातू गेला की सूर बदलतो. जिभेचं टोक किंचित खरवडलं तर सूर चढतो, मुळाशी खरवडलं तर उतरतो, इतकं ते नाजूक गणित. एका सुराच्या जिभेवर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कानशीच्या तीन रेघा होत्या, तिरप्या, टोकाकडे. कुणीतरी गोहलिसमध्येच, कदाचित माझ्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर बसून, हा सूर तीन फटक्यांत चढवला होता आणि ठीक आहे म्हणून पुढचा घेतला होता.

अकरावा सूर तुटलेला निघाला. जीभ मुळाशी चिरली होती. इथल्या कारागिराचा भाव विचारला, तो माझ्या पेटीच्या किमतीच्या निम्मा निघाला, आणि त्याची चूक नाही, त्याच्या तासाला तेवढे पडतातच. अप्पांनी त्यांच्या डब्यातून जुन्या पेटीचा एक सूर काढला. माझी मावसबहीण पुण्याहून फ्रँकफुर्टला येणार होती, तिच्याबरोबर तो कुंकवाच्या करंड्यात कापसात घालून पाठवला. करंडा आईचा. उघडला तेव्हा पितळेला कुंकू लागलेलं. मी जीभ सोडवली, कानशीनं रुंदी मापात आणली, नव्या रिव्हेटनं बसवली. चार दिवस गेले, कारण एक दिवस जास्त घासला आणि सूर खूपच चढला, मग मुळाशी खरवडून उतरवत आणला. आज ऐकलं तर तो एक सूर बाकीच्यांपेक्षा किंचित गोड आहे. मला वाटतं, म्हणजे कदाचित मलाच वाटतं.

सव्वादोन महिन्यांनी, एका गुरुवारी संध्याकाळी, पहिली तबकडी चढवली. नाताळचं गाणं, मे महिन्यात.

अरिस्टोनची कल्पना अशी. तबकडी नसेल तर चोवीसही बोटं वर उठलेली असतात, म्हणजे चोवीसही झडपा उघड्या. तबकडीचा सपाट पुठ्ठा त्यांना दाबून गप्प बसवतो. पुठ्ठ्यातली खाच बोटावर आली की बोट त्यातून वर येतं, झडप उघडते, सूर वाजतो. खाच संपली की पुठ्ठा परत बोट दाबतो. हँडलनं तबकडीही फिरते आणि भाताही चालतो, दोन्ही एकाच दांड्यावर. म्हणजे हळू फिरवलं तर गाणंही रेंगाळतं आणि हवाही कमी पडते. भरभर फिरवलं तर मार्चची पळापळ. आणि तबकडी गोल, तिला सुरुवात-शेवट नाही. एक फेरा झाला की गाणं संपायच्या आधीच परत सुरू.

अप्पांनी मला लहानपणी सहा महिने नुसता भाता मारायला लावलं होतं. उजव्या हाताला पट्टीच नाही, फक्त डाव्या हाताचा भाता, हवा एकसारखी राहिली पाहिजे. मी रडायचे. आता हे वाद्य मिळालं ते नुसत्या भात्याचं! उजव्या हाताचं सगळं काम पुठ्ठा करतो, माणसानं फक्त दम सांभाळायचा. माझ्याकडे आलेले पाहुणे हँडल हातात घेतात आणि हमखास घाई करतात. मी करत नाही.

त्या गुरुवारी चोविसातले एकवीस सूर नीट बोलले. दोन कुजबुजले, एक वाजलाच नाही. बाकीचं सगळं घर भरून. आवाज किती मोठा असतो याची मला कल्पनाच नव्हती. दिवाणखान्यात नाचायला चार माणसं जमली की बँडऐवजी हे लावत, हे मग पटलं. ज्यांना पियानो परवडत नव्हता, शिकवणी परवडत नव्हती, अशा घरांसाठी हे काढलेलं. पुठ्ठा छापून, भोकं पाडून ढिगानं तबकड्या निघायच्या, म्हणून स्वस्त. म्हणजे आज मला परवडतं ते तेव्हाही माझ्यासारख्यांचंच होतं.

अकरा तबकड्यांमधल्या चार वाजण्यासारख्या होत्या. नाताळचं गाणं, दोन मार्च, एक वॉल्ट्झ. महिनाभर तीच चार ऐकली. अप्पा म्हणाले, "छान आहे, पण सगळी बँडबाजाची वाटतात. आपलं काहीतरी लाव की."

लाव की म्हणजे काय, तबकडी करावी लागणार होती.

त्यासाठी आधी कळायला हवं होतं, की कुठलं बोट कुठल्या सुराचं. मी पुठ्ठ्याची एक पट्टी कापली, तिला एकच खिडकी ठेवली. ती बोटांवर दाबून धरली की तेवीस गप्प आणि एकच बोलकं. खिडकी एकेक घर सरकवायची, हँडल फिरवायचं. तिकडे मिरजेत अप्पा त्यांची पेटी घेऊन बसले. मी वाजवणार, ते शोधणार. फोनवर आवाज मागून पोचतो, त्यामुळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं.

"हे काळी एक पण नाही आणि पांढरी एक पण नाही गं. मधेच कुठंतरी आहे."

"अप्पा, त्या काळी त्यांचा पट्टीचा हिशेब वेगळा असेल."

"असंल. तू असं कर, ह्यालाच सा धर. आपण सा म्हणू तो सा."

दोन संध्याकाळी लागल्या. वहीत चोवीस ओळी झाल्या. आणि मग दिसलं की सगळे सूर नाहीतच! खर्जापासून तारापर्यंत पसरलेल्या तीन सप्तकांत चोवीसच घरं, त्यामुळे मार्च आणि वॉल्ट्झला लागतात ते ठेवलेत, बाकीचे गाळलेत. खाली तर दोन सुरांमध्ये मोठमोठ्या दऱ्या. कोमल ऋषभ तर आम्ही सा धरला होता तिथून कुठेच नाही. म्हणजे भैरवी गेली, जोगिया गेला, आमच्या मंडळाच्या निम्म्या चाली गेल्या.

अप्पांनी वहीचा फोटो मागवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्या सकाळी, म्हणजे माझ्या पहाटे चारला, फोन. "ज्ञानोबा-तुकाराम. आपली भूपातली चाल. सा रे ग प ध. पाच सुरांत बसती आणि पाचही आहेत. मी तपासलंय."

भजनाचा तो गजर आमच्या मंडळात वाटेवर चालताना म्हणतात, साधा, पायांच्या तालावरचा. मी फेऱ्याचे चौसष्ट भाग केले. एकेक भाग साडेपाच अंशांहून थोडा जास्त. केंद्रापासूनचं अंतर म्हणजे सूर, कोन म्हणजे वेळ. कंपासपेटी घेऊन बसले, दहावीनंतर पहिल्यांदा. मुख्य चाल मध्ये, खाली सा-प चा आधार.

पहिली तबकडी पातळ पुठ्ठ्याची. बोटांनी खाचांच्या कडा फाडल्या, दहा फेऱ्यांत चिंध्या. दुसरी पुस्तकबांधणीच्या जाड पुठ्ठ्याची, तिला चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दोन्ही बाजूंनी तीन हात दिले. इथे तिला शेलॅक म्हणतात, बारा युरोंची पुडी. आपल्याकडच्या पळसा-कुसुंबावरच्या किड्यांची लाख, जिच्यापासून जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या करत. वाळल्यावर पुठ्ठा टणक झाला, बोटानं टिचकी मारली तर टणत्कार.

चढवली. फिरवली. आणि जे वाजलं ते भूपच होतं, पण गजर नव्हता. ओळखीची माणसं सगळी दिसतायत पण पाठमोरी, असं काहीतरी. अप्पा फोनवर गप्प. मी परत फिरवलं. परत तेच. रात्री अकराला, अंथरुणात, उलगडलं. तबकडी कुठल्या दिशेला फिरते ते मी उलटं धरलं होतं. गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे चाललं होतं. राम-का-तु, बा-नो-ज्ञा. तीन आठवड्यांचं कापकाम वाया गेलं म्हणून तासभर छताकडे बघत पडले. मग उठून बसले. तबकडी पालथी घातली की दिशा बदलते! अंतरं तीच राहतात, कोन उलटे होतात. दहानंतर इथे आवाज करायचा नसतो, म्हणून सकाळपर्यंत वाट बघितली. तेव्हापासून ती तबकडी पालथीच चढते. पेन्सिलीच्या सगळ्या खुणा, खाडाखोड, अंश आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'वरची बाजू' हे सगळं खाली जातं.

खर्च: पेटी पंच्याऐंशी, कापड अठरा, कातडं चौदा, सरस नऊ, लाख बारा, पुठ्ठा सात. एकूण एकशे पंचेचाळीस युरो आणि एक कुंकवाचा करंडा, जो आई अजून परत मागते.

२०२५ ची आषाढी ६ जुलैला रविवारी आली. इथे रविवार म्हणजे शांततेचा दिवस, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. खिडक्या लावल्या, पेटीखाली घडी घालून घोंगडी ठेवली. मिरजेत मंडळाची माणसं अप्पांच्या ओसरीवर जमली होती. त्यांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, मला नुसते गुडघे आणि टाळ दिसत होते. कुणीतरी विचारलं, "पोरगी कुठाय? पेटी कोण वाजवतंय मग?"

"हवा," अप्पा म्हणाले.

मी फिरवायला लागले. चौथ्या की पाचव्या फेऱ्याला सतरावं बोट अडकलं. दमट हवेत त्याची झडप नीट बसत नाही, कातड्याचा दोष आहे, बदलायचं राहून गेलंय. खाच संपली तरी सूर बंद होईना. मधला सा, एकसारखा, सगळ्या चालीच्या मागे चालू. थांबून ठीक करावं तर तिकडे टाळ पडायला लागले होते, आणि तबकडीला शेवट नाही.

"वा," तिकडून अप्पांचा आवाज आला, "सूर धरून ठेवलास होय? आधी नव्हता तो. हे बरं केलंस."

मी काही बोलले नाही. हँडल फिरवत राहिले.